फोन उचलतो एका कामासाठी आणि वेळ जातो भलतीकडेच, काय करावं?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यात राहतो, नोकरी मकरपुऱ्याला. कंपनीचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, डिस्पॅचचे फोटो, चलान, शिफ्टचे बदल, त्यामुळे साधा फोन घे असं प्लीज सांगू नका. परवा लाइटबिल भरायला फोन उचलला, वर एक नोटिफिकेशन दिसलं, तिथून रील्स, पाऊण तास गेला आणि बिल राहिलं ते राहिलंच. त्याच वेळी मुलगी सतराचा पाढा म्हणून दाखवत होती, मी नुसतं हं हं करत होतो, शेवटी ती म्हणाली बाबा मी मुद्दाम चुकवला, तुम्हाला कळलंच नाही. ते फार लागलं मनाला. फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये, म्हणजे फोन किती वेळ वापरला ते दिसतं तिथे, बघितलं तर दिवसाचे ४ तास ५० मिनिटं, त्यात कामाचा जेमतेम सव्वा तास. काय करू?

मांजलपूरची ताई:
दादा, ॲप टायमर मी लावून बघितला. वेळ संपली की ॲप बंद होतं खरं पण सेटिंगमध्ये जाऊन आपणच परत वाढवतो, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर राहू नका. मला फरक पडला तो नोटिफिकेशनने. माणसांचे फोन आणि मेसेज चालू ठेवले, खरेदी, रील्स, बातम्या सगळ्यांचे बंद. आणि गरब्याचा, सोसायटीचा, भावंडांचा असे सगळे ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका, नवीन मेसेज आला तरी ते तिथेच राहतात, फक्त कुणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलं तर कळतं. कंपनीचा ग्रुप तेवढा वर पिन करून ठेवा.

कमाटीबाग वॉकर:
स्वतःला फार दोष देऊ नका. पूर्वी वेबसाइटवर खाली 'पुढचं पान' असं बटण असायचं, तिथे माणूस क्षणभर थांबायचा. २००६ साली एझा रास्किन या डिझायनरांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. थांबायची जागाच काढून टाकली तर थांबणार कुठे? पुस्तकाचं निदान प्रकरण तरी संपतं.
आमच्याकडे रात्री साडेनऊला फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, उठायला गजराचं घड्याळ आणलंय. सकाळी कमाटीबागेत फोन न्यायचा नाही. आणि लेकीला घेऊन मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा एकदा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन साहेब या ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांचं काम उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या. आज तुमच्या फोनवर अख्खा मराठी विश्वकोश फुकट आहे, मी रोज एक नोंद वाचतो, हाही फोनच की.

अलकापुरी आयटी:
मी एकच करतो, फोन उचलताना कशासाठी ते तोंडाने बोलतो. 'लाइटबिल'. बिल झालं की फोन खाली. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, ऑफिसमध्ये मनात म्हणा, पण अर्ध्या वेळा तोंडातून काही निघतच नाही आणि मग कळतं की हात उगाचच गेला होता. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट पण करून बघा, रील्सची मजाच जाते.

दांडियाबाजारकर:
आठ दिवस झाले म्हणून सांगतो. ब्लॅक अँड व्हाइट दिवसा जमलं नाही, डिस्पॅचच्या फोटोत लेबलचे रंग बघावे लागतात, मग बेडटाइम मोडमध्ये टाकलं, रात्री नऊनंतर आपोआप होतं. बोलून उचलायचं हे सगळ्यात उपयोगी पडलं, मुलगीच विचारते आता, बाबा कशाला घेतला? काल ३ तास १० मिनिटं. बस स्टॉपवर मात्र अजून हात जातोच. सतराचा पाढा नीट ऐकला, एक चूक होती, पकडली, जाम खूश झाली. रविवारी मांडवीला जातोय. लहान मुलांचं कार्ड वेगळं काढावं लागतं का, कुणी काढलंय का तिथे?