अनुभव धागा : गावातलं प्लास्टिक जातं कुठे?

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद झाले. शांपूची पुडी आणि वेफरचं पाकीट मात्र सुटलं, आणि खेड्यात खप त्यांचाच. तुमच्या गावात लोकांना काय माहीत आहे, ते काय वापरतात, नंतर त्याचं काय करतात? मनापासून लिहा.

मीच सुरुवात करते. आमची वाडी अकोले तालुक्यात. घंटागाडी गावठाणातूनच परत फिरते, त्यामुळे पावसाळ्यात सरपण ओलं असलं की चूल पेटवायला पिशवीच हाताशी येते. जळत्या पिशवीचे थेंब टपटप राखेत पडतात आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो. कॅरीबॅगला दंड आहे हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हा धूर विषारी असतो, हे मात्र बायकांना कुणी येऊन सांगितलेलं नाही. माझ्या मनाला सर्वात जास्त तेच लागतं.

किराणा दुकानदार, माण : माझं गिऱ्हाईक रोजंदारीवरचं. "दादा, दोन पुड्या द्या," एवढंच मागणं. बाटली घ्यायची तर एकदम शंभर रुपये काढायचे कुठून? पिशवीचं म्हणाल तर बाजाराला येताना बायका घरूनच आणतात.

शेतकरी, गोंदिया जिल्हा : आमच्याकडे पंगतीला पळसाच्या पत्रावळी असायच्या. जेवण झालं की उकिरड्यावर, पुढे त्यांचं खत. आता कागदी पेले आले. कागद कुजतो, पण आतला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. शेणखत पसरताना तो हाताला लागतो. पेला कागदाचा म्हणून लोक निर्धास्त असतात.

दूधवाले, बारामती : गाय रवंथ करेना, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी पोट उघडून पिशव्यांचा गोळा काढला. सालं-शिळं पिशवीत भरून गाठ मारून टाकलं की जनावर पिशवीसकट गिळतं. ओला कचरा उघडाच टाका हो!

आशाताई, पेठ : भंगारवाला बाटल्या नेतो, पुड्यांना हात लावत नाही. ग्रामसभेत आम्ही पाड्यासाठी पंधरवड्यातून एकदा गाडी मागितली आहे. तुमच्याकडे पाड्या-वस्त्यांवर गाडी येत असेल तर ती कशी सुरू करून घेतलीत, ते लिहा.