जेनेटिक काउन्सेलिंगचं एमएस्सी: शिकताना नेमकं काय करावं लागतं?

बायोटेक_टीवाय
पुण्यात बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेनेटिक काउन्सेलिंगच्या, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांशी बोलून समजावून सांगायच्या कामाच्या, दोन वर्षांच्या एमएस्सीला अर्ज करायचा विचार आहे. बाबा विचारतात, "डॉक्टर नाही, लॅबमध्येही नाही, मग दिवसभर करणार काय तू?" मला नीट सांगता येत नाही. विषय मनापासून आवडतो, पण मी अबोल आहे. समोर कुणी रडायला लागलं की मला शब्दच सुचत नाहीत. कुणी हे शिकत असेल तर खरं काय ते सांगा ना.

हडपसर_शिवाजीनगर
मी दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातले तीन दिवस ओपीडीत असते. सायन्स वाचून येतं, त्याची काळजी करू नकोस. मला जड गेली ती मराठी, आणि मी जन्मापासून मराठीच बोलते.

सुरुवातीलाच वंशवृक्ष काढायला शिकवतात. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर आत काळं भरायचं, नात्यात लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. किमान तीन पिढ्या. एका बाईंना मी विचारलं, "लग्न नात्यातलं का?" त्या "नाही" म्हणाल्या, मी एकेरी रेघ काढली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आत्या बाहेर बसल्यात." सासूला आत्या म्हणायची पद्धत बऱ्याच घरांत असते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आमच्या मॅडमनी मात्र विचारलं, "सख्ख्या का हो?" तर हो, वडिलांची बहीण. "अहो, ते नात्यातलं कसलं, घरातलंच की!" तेव्हापासून मी विचारते, "लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागायच्या?"

दुसरा प्रसंग, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. जुन्नरकडचं जोडपं. पहिला मुलगा थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत रक्त द्यावं लागणारा आनुवंशिक आजार, बाईंना पुन्हा दिवस गेलेले, आठवा आठवडा. दोघांचंही एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर, म्हणजे दोघंही मायनर: स्वतः आजारी नाहीत, पण मुलाकडे तो जाऊ शकतो. मी म्हणाले, "तुम्ही दोघंही वाहक आहात." त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "नाही, हे चालक आहेत एसटीत." त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांच्या घरात तो शब्द रोजचा होता आणि मी तो पुस्तकातून उचलून आणला होता. सावरायला गेले आणि म्हणाले, "जनुकात दोष आहे." शेजारी सासू बसल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, "कुणाचा दोष?" सुनेची मान खाली गेली. ती मान मला अजून दिसते. दोष हा शब्द मी ओपीडीत पुन्हा वापरलेला नाही. आता मी सांगते की रक्त कसं बनवायचं याची शरीरात एक सूचना असते, प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची, आणि तुम्हा दोघांच्याही एकेका प्रतीत बदल आहे.

प्रत्येक बाळ मेजर असण्याची शक्यता चारात एक, हे समजावणंही तसंच. त्यांना वाटत होतं, एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली निघणार. मॅडमनी दोन नाणी काढली, एक तिचं, एक त्याचं. काटा म्हणजे बदललेली प्रत, दोन्ही काटे आले तर मेजर. नाणी बाईंनाच उडवायला दिली. दोन्ही काटे. "पुन्हा उडवा." पुन्हा दोन्ही काटे. खोलीत कुणीच बोललं नाही. मग बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे याला मागचं आठवत नाही." इतकं स्वच्छ मला कुणी शिकवलं नव्हतं. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचं कळू शकतं, हे मॅडमनी सांगितलं. तपासायचं की नाही, पुढे काय करायचं, ते त्या दोघांचं. आपण ठरवून द्यायचं नसतं, आणि हे गिळायला मला वर्ष लागलं.

अबोल असण्याबद्दल. कुणी रडलं की मी घाईनं टिश्यू पुढे करायचे. मॅडम म्हणाल्या, थांब, त्या बाईला वाटेल आपण रडणं आवरायला सांगतोय. टिश्यू टेबलावर त्यांचा हात पोचेल असा ठेवायचा आणि बसून राहायचं. तुला बसून राहता येत असेल तर अर्धं काम येतंय.

कर्वे_रोड_११
पास होऊन लॅबमध्ये लागले. माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणींना हॉस्पिटलपेक्षा लॅबमध्येच जागा मिळाल्या, हे बाबांना आधीच सांगून ठेव. "मुलगा की मुलगी" हा प्रश्न रोज येतो. महाराष्ट्रात यावर १९८८ मध्येच कायदा झाला, देशभराचा १९९४ चा. शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायचं नाही. विचारणाऱ्या सगळ्याच बायका स्वतःसाठी विचारत नाहीत, मागे कोण उभं आहे तेही बघ.

एक_बाप
माझी मुलगी मेजर आहे, नऊ वर्षांची. दर तीन आठवड्यांनी रक्त, रोज लोह उतरवायची गोळी. निदान आम्हाला एका हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. दुसरीकडे गेलो तेव्हा एका शिकाऊ मुलीनं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तासभर बोलली. भावाबहिणींची तपासणी करा, हे तिनंच सांगितलं. धाकट्या बहिणीचं तेव्हा लग्न ठरत होतं, पत्रिका जुळली होती. ती मायनर निघाली. मुलाकडच्यांना स्पष्ट सांगितलं, त्यानंही तपासून घेतलं, तो नॉर्मल निघाला. लग्न झालं, आता दोन भाचे आहेत. बाबांना म्हणावं, पोरगी दिवसभर हे करणार आहे.

बायोटेक_टीवाय
काका, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आधी आपल्याच घरचा वंशवृक्ष काढून दाखव. काढतेय, पण आजीपाशी अडकलेय. तिची दोन मुलं लहानपणीच गेली, कशानं ते कुणालाच माहीत नाही. ते कसं दाखवायचं?

हडपसर_शिवाजीनगर
चिन्हावर तिरकी रेघ, खाली अंदाजे वय, कारण माहीत नाही असं लिही. पण आधी आजीला विचार, तिला त्यांच्याबद्दल बोलायचंय का. आणि त्यांची नावं काय होती तेही विचार.