जळगावच्या उन्हात कुत्र्याला फिरवताना पाणी किती न्यायचं? काल रॉकी रस्त्यातच बसला

मेहरुणकर_रॉकीवाला

नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितोय. आमचा रॉकी लॅब्राडॉर आहे, काळा, चार वर्षांचा, वजन २८ किलो. काल दिवसभर ४४ होतं, संध्याकाळी साडेसहाला ऊन उतरलं असं वाटलं म्हणून नेहमीसारखं मेहरुण तलावाकडे घेऊन निघालो. अर्ध्या लिटरची एकच बाटली सोबत, त्यातलं अर्धं पाणी जाताना मीच पिऊन टाकलं. परत येताना एका डीपीजवळ त्याने फतकल मारली ती उठेचना. जीभ एरवीपेक्षा रुंद होऊन बाहेर लोंबत होती, लाळ पातळ नाही तर घट्ट, डिंकासारखी तार धरलेली, आणि मी हाका मारतोय तर माझ्याकडे बघतच नव्हता. उरलेलं पाणी ओंजळीत धरलं तर निम्मं बोटांमधूनच गळालं. शेवटी समोरच्या रसवंतीवाल्या दादांनी बादलीभर पाणी आणून पोटावर, मांड्यांवर ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला, तेव्हा वीसेक मिनिटांनी उठला.

आज जेवला, शेपूट हलवतोय, पण पुढचा उजवा पाय सारखा चाटतोय, बघितलं तर तळव्याची साल निघालीय. आता मला सांगा पाणी नेमकं किती न्यायचं, आणि किती वाजता फिरवायचं? आई म्हणते आपण खिशात कांदा ठेवतो तसं त्याच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळ आणि थोडा भाकरीत कुस्करून दे, ऊन लागत नाही. देऊ का?

पांझराकाठ_धुळे

दादा, आधी कांद्याचं सांगते, बाकी नंतर वाचा. कुत्र्याला कांदा अजिबात द्यायचा नाही, कच्चा नाही, शिजवलेला नाही, भाजीच्या रश्श्यातलासुद्धा नाही. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि ते लगेच कळतही नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल पडतो, हिरड्या फिक्या पडतात. तळव्याला चोळलात तरी तो चाटणारच, म्हणजे पोटातच गेला. आईंना समजावून सांगा, त्यांची माया खरी आहे पण माणसाचा उपाय कुत्र्याला चालतोच असं नाही. लसूण आणि द्राक्षं पण नकोत.

दुसरं म्हणजे तुम्ही हवा बघून निघालात, रस्ता नाही बघितलात. डांबर दिवसभर तापतं आणि सूर्य बुडाल्यावरही तास-दोन तास चटके देतं. मी तर एप्रिल लागला की हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजते, हात काढून घ्यावासा वाटला की परत घरी. आमची शेरी सकाळी पाचला बाहेर आणि सहाच्या आत घरात, रात्री साडेनऊनंतर फक्त शी-सू पुरतं, तेही मातीवरून. हो, रात्री निघालात तर टॉर्च न्याच, या दिवसांत साप रात्रीचेच बाहेर पडतात.

चोपड्याचा_व्हेट

काल रॉकीला जे झालं ती उष्माघाताची सुरुवात होती, रसवंतीवाल्या भाऊंनी त्याला वाचवलं असं मी म्हणेन. आज बरा दिसत असला तरी एकदा जवळच्या डॉक्टरांना दाखवाच, कारण किडनी-लिव्हरचा त्रास कधी कधी दोन-तीन दिवसांनी वर येतो. लघवी गडद झाली, उलटी किंवा रक्ताची शी झाली तर थांबू नका.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना थोडा येतो तेवढाच. त्याचा सगळा कूलर म्हणजे जीभ आणि धापा टाकणं. बाहेरची हवाच ४४ असेल तर धापून गार होणार किती? त्यातून काळा रंग, आणि लॅब्राडॉर जात अशी की मालक चालतोय तोवर चालत राहणार, दमलो म्हणून आपणहून थांबणार नाही. पग-बिग चपट्या नाकाचे असतील तर त्यांना याहून कमी उन्हात त्रास होतो. धापा टाकता येणार नाहीत असं घट्ट मझल, म्हणजे तोंडाची मुसकी, बांधून तर उन्हात कोणालाच नेऊ नका.

पाण्याचा हिशोब: दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे रॉकीला दीड लिटर, आणि आपल्या उन्हाळ्यात ते दुपटीपर्यंत जातं. अर्ध्या तासाच्या फेरीला अर्धा लिटर पिण्यासाठी आणि वेगळं एक लिटर अंगावर ओतण्यासाठी न्या, तुमचं प्यायचं पाणी तिसरं, वेगळं. हे ओतायचं पाणी कोणी नेत नाही आणि वेळ आली की तेच लागतं. पिताना एकदम ढसाढसा नको, चार-पाच घोट, थोडं थांबून परत.

कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आपल्यापेक्षा जास्तच. १०४ च्या वर गेलं की धोका. हा ताप नसतो, अंग तापलेलं असतं, म्हणून घरातली तापाची गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल त्यांना विषारी ठरू शकतं. आधी जागेवरच सावलीत पाणी ओतून वारा घालायचा, मग गाडीत घालून दवाखाना. ओला टॉवेल गुंडाळून तसाच ठेवू नका, तो गरम होऊन उलटी ऊब धरतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, छातीत जातं.

केळीवाला_रावेर

डॉक्टरसाहेबांनी सांगितलंच आहे, मी वावरातलं सांगतो. आमचा मोत्या माझ्यामागे मळ्यात येतो, दोन फेऱ्या होतात. बाटलीतलं पाणी नऊ वाजता चहासारखं होतं आणि कुत्रं गरम पाण्याला तोंड लावत नाही. म्हणून मी ट्रॅक्टरला लावतो ती कापडी छागल नेतो. कापड पाझरतं, वारा लागतो, आतलं पाणी गार. आपल्याकडची हवा कोरडी आहे ना भाऊ, म्हणून ती चालते. सोबत एक स्टीलची वाटी, ओंजळीने पाजायच्या भानगडीत पडू नका.

ज्यांची कुत्री वावरात असतात त्यांनी एक ध्यानात ठेवा, ड्रिपमधून खत सोडायच्या दिवशी मी मोत्याला घरीच बांधतो. मागच्या साली खताच्या टाकीतलं सांडलेलं तो चाटायला लागला होता, मी ओरडलो म्हणून बरं. कुत्र्याला ते साधं पाणीच वाटतं.

मेहरुणकर_रॉकीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला ताईंचा मेसेज वाचून दाखवला, तिने स्वतःच रॉकीच्या ताटाजवळची कांद्याची टोपली उचलून वर ठेवली. सकाळी दवाखान्यात नेलं होतं, रक्त तपासायला दिलंय, पायाला मलम आणि पट्टी, आठ दिवस डांबरावर चालवायचं नाही. अंगणात मातीचं परळ भरून ठेवलंय. दुपारी त्याला कूलरसमोर बसवलं तर चालेल का? आणि टरबूज?

चोपड्याचा_व्हेट

कूलर चालेल, फक्त खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत दमट होतं आणि दमट हवेत त्याच्या धापांचा उपयोग होत नाही. टरबूज बिया आणि साल काढून दोन-चार फोडी. रिपोर्ट आला की इथे टाका.