बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाजाबद्दलच्या जबाबदारीचा वार्षिक अहवाल, आला म्हणून कंपन्या पारदर्शक झाल्या?

विहीरकाठ: काल इथं एकांनी लिहिलं, "शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं बीआरएसआर सक्तीचा केला, बाजारमूल्यानं वरच्या 1000 कंपन्यांचं सगळं वेबसाइटवर आहे. आधी वाचा, मग बोला." वाचलं. आमच्या शेजारच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचा अख्खा अहवाल वाचला. तक्रारींच्या तक्त्यात 'समुदाय' या ओळीत दाखल 0, प्रलंबित 0. विहिरीला तांबूस पाणी येतं म्हणून ग्रामपंचायतीनं त्याच वर्षी पत्र दिलंय, शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. पाणी किती उचललं तो आकडा आहे, पण सगळ्या प्लांटचा मिळून एकच. टंचाईच्या भागातल्या प्लांटचा हिशेब वेगळा देणं ऐच्छिक! मग गावानं यातून काय समजायचं?

आकडेमोड: मी हेच अहवाल भरते. 2022-23 च्या आधी एवढंही सक्तीचं नव्हतं. आता बीआरएसआर कोअरमधले, म्हणजे त्यातल्या निवडक मुद्द्यांचे, आकडे बाहेरच्यांकडून तपासून घ्यावे लागतात, 2023-24 ला पहिल्या 150 कंपन्यांपासून सुरुवात झाली. एका पत्रावरून सगळंच खोटं ठरवणार?

विहीरकाठ: पत्र गेलं कुठं, तेवढं सांगा.

आकडेमोड: प्लांटवरून येतं तेच आम्ही भरतो.

डोंगरवाट: अहवाल सोडा, सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचं बघा. नफ्याच्या सरासरीचे 2 टक्के, कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य. आमच्या शाळेला टाकी मिळाली, नळजोडणी नाही. टाकीवर कंपनीचं नाव मात्र लांबून वाचता येतं.

सातचीलोकल: माझ्या आईचं डायलिसिस सीएसआरच्या सेंटरमध्ये होतं. नाव असेना का!

डोंगरवाट: सेंटर चांगलंच आहे. पण पोरं घरून बाटल्या आणतात, त्याचं काय?

सातचीलोकल: जोडणी ग्रामपंचायतीनं करायची. प्रत्येक गोष्ट कंपनीनं हातात आणून द्यायची का?

डोंगरवाट: मग फोटो काढून 'पाणीपुरवठा' असं छापू नये. आमच्या मास्तरांना उभं करून फोटो घेतलाय.

विहीरकाठ: दोघंही थांबा. सांडपाणी शुद्ध करणं हा धंद्याचाच भाग, ते सीएसआर नव्हेच. टाकी देऊन विहिरीचा प्रश्न मिटत नाही.

आकडेमोड: बरं, पंचायतीचं पत्र त्या ओळीत मोजायलाच हवं होतं, एवढं मान्य. पण 'सगळं दिखाऊ' हे नाही मान्य. 0 छापलेला होता म्हणूनच तुम्हाला तो पकडता आला. तक्त्यात तक्रार यंत्रणेची लिंक असते, तिथं पोच जोडून पाठवा.

विहीरकाठ: उघडली. थेट होमपेजवर जाते. कुठं पाठवू?