गॅलिलिओच्या वाक्याखाली ही ओळ: मगवर छापून द्यावी का?

सांगलीत गणपती पेठेत माझं मग, टी-शर्ट छापायचं छोटं दुकान आहे. एका गिऱ्हाइकानं गेट-टुगेदरला वाटायला पंचवीस मग सांगितलेत. डिझाइन त्यानंच व्हॉट्सॲपवर पाठवलंय. वर दाढीवाला गॅलिलिओ, शेजारी ‘तरीही ती फिरतेच’ आणि खाली लाल ठसठशीत अक्षरात ‘बाई ती बाईच, पुरुष तो पुरुषच’. माझ्याकडे कामाला असलेली पोरगी ट्रान्सजेंडर आहे. मग पुसायचा, उलटी प्रिंट टेपनं बसवायची, प्रेसमधून गरम मग काढायचा, सगळं तीच करते, आणि तिच्या हातचा मग कधी तिरका छापत नाही. हे तिच्या हातात द्यायला माझं मन घेत नाही. गॅलिलिओ खरंच असं बोलला होता का? आणि गिऱ्हाइकाला सांगू काय?

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षक:
22 जून 1633 ला रोममध्ये त्याला गुडघे टेकून, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपलं मत मागे घ्यायला लावलं. उठताना हे पुटपुटला, अशी गोष्ट सांगतात. खटल्याच्या कागदांत मात्र ते वाक्य नाही. छापून आलं ते 1757 साली लंडनमध्ये, बारेत्ती नावाच्या इटालियन लेखकाच्या पुस्तकात. गॅलिलिओ तर 1642 मध्येच, नजरकैदेत असताना वारला होता. त्याचा आधार दुर्बीण होती. गुरूभोवतीचे चंद्र, शुक्राच्या कला तो रात्री-रात्री बघून, टिपून ठेवायचा. आणि बघा, सगळं जग नाही म्हणतंय तरी मी आहेच, असं तुमच्याकडची पोरगीही म्हणू शकते. मग हे वाक्य नेमकं कुणाचं?

मिरजेहून:
दादा, गिऱ्हाइकाला मूर्ख समजू नका. महिलांचे खेळ, महिला कैद्यांचे तुरुंग यांचा प्रश्न खरा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये तिथल्या समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जन्मानं स्त्री, असा निकाल दिला. त्याच निकालात ट्रान्स माणसांना भेदभावापासूनचं संरक्षण कायम आहे, हेही सांगितलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क मान्य केला होता. एवढं सगळं मगवर मावत नाही. त्याला मत मांडू दे, पण छापायची सक्ती तुमच्यावर नाही.

साताऱ्याहून, पुन्हा:
खालची ओळ काढून नुसता गॅलिलिओ छापून देतो, असं विचारून बघा.

मूळ प्रश्नकर्ता:
सर, तसंच विचारलं. तो म्हणाला, खालची ओळ हीच तर खरी गंमत आहे. मी त्याला सांगितलं, “तुमच्या मताला माझी आडकाठी नाही, पण माझ्याकडं जी पोरगी काम करते तिला मी हे छापायला सांगणार नाही.” थोडा चिडला. ॲडव्हान्स लगेच परत पाठवलाय. शुक्राच्या कलांचं चित्र कुणाकडे चांगलं असलं तर द्या, त्याचे मग दुकानात ठेवायचेत.