मदत हवी आहे: सेवा चालू आहे, पण मन प्रभूकडे लागत नाही

जय ख्रिस्त! मंडळीतर्फे (चर्चतर्फे) आम्ही काहीजण शेजारपाजारच्या एकट्या वृद्धांकडे जातो. औषधं आणून देणं, दवाखान्यात सोबत, कधी नुसत्या गप्पा. काम आवडतं, पण हल्ली ते यादीतली नावं खोडण्यासारखं झालंय. बायबलमध्ये लूक 10 मध्ये चांगल्या शोमरोन्याच्या (जखमी परक्याला मदत करणाऱ्याच्या) दाखल्यानंतर लगेच मार्था-मरीयेची गोष्ट येते: मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामातच गुंतते. आणि मी सरळसरळ मार्था झालेय! गरजू माणसात प्रभूला पाहायचं, हे मत्तय 25 मधून कळतं. पण तीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकताना ते सुचत नाही.

आणखी एक. मत्तय 5:16 म्हणतं सत्कर्मं लोकांना दिसू द्या, 6:3 म्हणतं उजवा हात काय देतो ते डाव्या हातालाही कळू नये. मग ज्यांच्याकडे जातो त्यांच्याशी विश्वासाबद्दल बोलावं का? ते आजारी, आपल्यावर अवलंबून. अशा वेळी विषय काढणं मला तरी दडपण आणल्यासारखं वाटतं. गटात यावरून मतभेद आहेत.

अनुभवी भावाबहिणींनो, भेटीआधी किंवा परतल्यावर तुम्ही एकत्र प्रार्थना, मनन कसं करता? ‘जास्त प्रार्थना करा’ एवढंच नको, प्लीज. नेमकं काय करता ते सांगा.