चार कोअर का सहा? दुकानासाठी पीसी घ्यायचाय, मदत हवी आहे

राम राम मंडळी. उदगीरला आमचं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, जुना कोअर टू डुओ पार दमलाय म्हणून नवीन पीसी बघायलोय. विकणारा म्हणतो सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) आय५-१२४०० प्रोसेसरच घ्या, चार कोअरचा आय३-१२१०० घेऊन पस्तावाल. आता किमतीत फरक चांगलाच आहे राव, उगं कशाला पैसे घालायचे?

काम म्हणजे क्रोमचे ढीगभर टॅब, सातबारा, पीकविम्याच्या पीडीएफ, स्कॅनर, थोडं एक्सेल अन् लग्नसराईत पत्रिकेसाठी कोरलड्रॉ. मला जेवढं कळतं त्यात प्रोग्रॅम एकाच कोअरवर काम ओढत असंल तर बाकीचे नुस्ते बसून राहतात, तिथं एका कोअरचा स्पीडच कामाला येतो, व्हिडिओ कन्व्हर्ट करायचा असंल तर गोष्ट वेगळी, पण ते आम्ही करतच नाही. अन् आताच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ३०-४० टक्के, डिस्क मात्र १०० वर चिकटलेली! म्हणजे रडगाणं जुन्या हार्डडिस्कचं अन् ४ जीबी रॅमचं दिसतंय. (लाइट गेली की सगळे कोअर सारखेच, ते सोडा 😄)

तर आय३, १६ जीबी रॅम अन् एनव्हीएमई एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा लई फास्ट डिस्क) एवढ्यात पाच-सहा वर्षं निघतील का? नावात शेवटी एफ असलेला आय३ स्वस्त आहे पण त्यात आतलं ग्राफिक्स नसतं म्हणून नको. कोरलड्रॉत मोठ्या बॅनरचं काम करणाऱ्यांनी जरा सांगा, सहा कोअरनं खरंच फरक पडतो का?